आवाज फुटल्यानंतर: माजी बालकलाकाराला गाण्याकडे आणताना

गाण्याकडे वळलेला माजी बालकलाकार पहिल्यांदा आमच्याकडे गाणं शिकायला येतो तेव्हा पेटी उघडलेली नसते. आधी दहा मिनिटं त्याला नुसतं बोलायला लावतो. काल दिवसभर काय केलंस ते सांग, वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाच, शंभरपासून उलटे आकडे म्हण. हे सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि त्यातून बोलण्याचा सरासरी स्वर मोजायचा, म्हणजे आवाजाची सेकंदाला किती कंपनं (हर्ट्झ) होतात ते. स्वर दाखवणारी फुकट ॲप भरपूर आहेत, त्यातलं कुठलंही चालतं.

प्रौढ पुरुष साधारण १०० ते १३० हर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतो, बाई १८० ते २२०च्या, आणि लहान मूल २५०च्या आगेमागे. पंचविशीतला तरुण १७०-१८०वर बोलत असला, त्याचा आवाज वाक्यात मधेच घसरून पुन्हा वर उडी मारत असला, तर गाण्याचं काम तिथेच थांबतं. याला प्युबरफोनिया म्हणतात. स्वरयंत्र मोठं झालेलं असतं, पण वापरायची सवय जुन्याच उंचीवरची. आपला गोड आवाज हीच ओळख आणि कमाई असलेल्या मुलाकडून तो आवाज नकळत धरून ठेवला जाणं समजण्यासारखं आहे. हा प्रश्न रियाजाने सुटत नाही, उलट त्या ताणावरच गाणं बसतं. स्पीच थेरपिस्टकडे बहुतेकांचा आवाज काही बैठकांतच खाली उतरतो. मग आमच्याकडे या.

मुलींच्या बाबतीत वयात येताना आवाजाची घसरण लहान असते, दोन-तीन अर्धस्वरांची, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन-तीन पट्ट्यांइतकी. तिथे अडचण वेगळी असते. स्वरपट्ट्यांच्या (स्वरयंत्रातल्या थरथरून आवाज काढणाऱ्या पट्ट्यांच्या) मागच्या बाजूला बारीक फट राहते आणि आवाजात हवा येते. पडद्यावर हाच आवाज निरागस वाटतो म्हणून कोणी त्याला हात लावत नाही. त्यासाठी दोन साध्या चाचण्या घेतो. एका श्वासात, एका स्वरावर, जोर न देता 'आ' किती सेकंद टिकतो ते पाहायचं. मुलींचा पंधरा ते वीस आणि मुलांचा वीसच्या पुढे अपेक्षित. दहाच्या आत संपला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवतो आणि स्ट्रोबोस्कोपीच (लुकलुकत्या प्रकाशात स्वरपट्ट्यांची हालचाल दाखवणारी तपासणी) करून घ्यायला सांगतो, कारण साध्या तपासणीत पट्ट्यांची थरथर दिसत नाही. दुसरी चाचणी: आधी एका श्वासात 'स्स्स', मग तेवढ्याच श्वासात भुंग्यासारखा 'झ्झ्झ'. दोन्ही सारखेच टिकायला हवेत. 'स' हा 'झ'च्या सुमारे दीडपट टिकत असेल तर हवा पुरेशी आहे, पण पट्ट्या नीट मिटत नाहीत. लहानपणी किंचाळण्याचे आणि हुंदके देण्याचे प्रसंग टेकमागून टेक केलेल्यांत पट्ट्यांच्या कडेला गाठी सापडू शकतात. बहुतेक गाठी आवाजाच्या विश्रांतीने आणि थेरपीने बऱ्या होतात, मात्र त्या काळात तानांचा हट्ट सोडावा लागतो.

हे एवढं आधी का, तर आवाज फुटणं ही किती मोठी उलथापालथ आहे याची कल्पना बहुतेक पालकांना नसते. तान्ह्या बाळाच्या स्वरपट्ट्या सहा ते आठ मिलिमीटरच्या असतात. प्रौढ बाईच्या साधारण साडेबारा ते सतरा आणि पुरुषाच्या सतरा ते एकवीस मिलिमीटरपर्यंत जातात. मुलाचा आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो. बारा ते पंधरा या वयात बदल सुरू होतो, त्यातले काही महिने अगदी बेभरवशाचे असतात, आणि स्थिरस्थावर व्हायला सतरा-अठरावं वर्ष उजाडतं. या मधल्या काळात 'गाणं चालू राहू दे' म्हणून जुन्याच पट्टीत (पेटीवरच्या ज्या सुरावर 'सा' धरतो ती पट्टी) गाववून घेणं हे आम्ही पाहिलेल्या नुकसानांपैकी सर्वांत सामान्य. गाणं बंद करायची गरज नाही. मध्य सप्तकातली पाच-सहा सुरांची जागा, हलका आवाज आणि लयीचा अभ्यास एवढं चालतं. तार सप्तक, म्हणजे वरचं, मिटून ठेवायचं.

संगीत नाटकाच्या कंपन्यांना हे पुरतं ठाऊक होतं. तिथे कंठ फुटला की मुलाच्या भूमिकाच बदलत. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर नाट्यकला प्रवर्तक मंडळीत बालनट होते, पण पुढचे कृष्णराव घडले ते भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत. वसंतराव देशपांड्यांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात बाळकृष्ण केला, मग अनेक वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली, आणि घराघरांत पोचले ते १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'मधल्या खाँसाहेबांमुळे. मधली सगळी वर्षं गाणं चालूच होतं, फक्त घराघरांत पोचलं नव्हतं. लता मंगेशकरांचं उदाहरण पालक हटकून देतात: १९४२ पासून चित्रपटांत छोट्या भूमिका, मग गाणं, मग १९४९ चा 'महल'. त्यात एक गोष्ट गाळली जाते. मास्टर दीनानाथांची तालीम कॅमेऱ्याच्या आधीची होती, आणि मुंबईत आल्यावर अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे शिक्षण सुरू झालं ते भूमिका चालू असतानाच. अभिनय हा घर चालवायचा मार्ग होता, गाण्याची शाळा नव्हती.

आजच्या बालकलाकाराला आणखी एक गुंता असतो. पडद्यावर त्याने ओठ हलवलेलं गाणं बहुधा दुसऱ्याच कोणी गायलेलं असतं, आणि आपल्याकडे लहान मुलांसाठी मोठ्या गायिकांनी आवाज देण्याची जुनी पद्धत आहे. प्रेक्षकांच्या मनात मात्र चेहरा आणि तो गळा एकत्र चिकटलेले असतात. पहिलं गाणं आल्यावर 'आवाज पूर्वीसारखा राहिला नाही' अशा प्रतिक्रिया येतात. पूर्वीचा आवाज याचा नव्हताच, पण ते समजावत बसण्यात अर्थ नाही.

आता पट्टी. 'माझी काळी पाच' (पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी) असं सांगत येणारे तरुण हमखास भेटतात. ती आंतरशालेय स्पर्धेतली पट्टी असते. मोठेपणी ती वरच्या सप्तकात धरली तर षड्ज (सा) २३३ हर्ट्‌झवर जातो आणि तार सप्तक हाती लागत नाही. खालच्या सप्तकात धरली तर षड्ज ११६वर येतो आणि मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ८७वर, जो बहुतेकांच्या गळ्यात नुसता घरघरतो. दोन्हीकडून अडचण. म्हणून जुनी पट्टी विसरायची आणि नव्याने शोधायची.

शोधायची रीत अशी. सकाळी उठल्या उठल्या नाही, तर दोन तास बोलून झाल्यावर. पेटीवर एकेक पट्टी खाली उतरत 'आ' लावत जायचं. जो स्वर मान खाली न घालता, हनुवटी न दाबता, चार सेकंद स्वच्छ टिकतो तो शेवटचा वापरण्याजोगा स्वर. त्याला मंद्र पंचम समजायचं आणि तिथून पाच पट्ट्या वर मोजायच्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून. तो षड्ज. खालचा स्वर काळी चार निघाला तर षड्ज काळी एक, म्हणजे १३८ हर्ट्‌झच्या आसपास. मग वरून उलटतपासणी: तार मध्यम ताण न घेता लागायला हवा, तार पंचम स्पर्श करण्यापुरता. वर अडत असेल तर षड्ज अर्धा स्वर खाली घ्यायचा. पुरुष साधारण पांढरी एक ते पांढरी दोनच्या मध्ये स्थिरावतात, बायका पांढरी पाच ते काळी पाचच्या मध्ये. हीच मोजणी संध्याकाळी पुन्हा आणि आठवड्याने पुन्हा. तीनही वेळा तेच उत्तर आलं तरच तानपुरा त्या पट्टीला लावायचा. विशीच्या आतल्या मुलांची दर सहा महिन्यांनी तपासतो, कारण गळा अजून सरकत असतो.

रियाजाची मांडणी सुरुवातीला अगदी साधी ठेवतो. सकाळी पंधरा मिनिटं खर्ज: मंद्र सप्तकात, एकेक स्वर पूर्ण श्वासभर, 'ओ' आणि 'आ'मध्ये. मग दहा मिनिटं विश्रांती. मग वीस मिनिटं अलंकार (सुरांच्या ठरावीक क्रमाचे पलटे), आकारात, मध्यलयीत. संध्याकाळी एकच राग, तोही महिनाभर तोच. भूप किंवा यमन. सलग तासभर गाण्यापेक्षा वीस मिनिटांचे तुकडे बरे, कारण नटाच्या गळ्याला दमल्यावरही 'चालवून नेण्याची' वाईट सवय असते. दमलेला गळा सेटवर चालतो, रियाजात नाही. गळा गरम करायला बारीक स्ट्रॉमधून पाण्यात बुडबुडे काढत स्वर लावणं हा आम्हाला सापडलेला सर्वांत निर्धोक उपाय आहे. नळी पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडालेली, बुडबुडे एकसारखे, गाल सैल. बुडबुडे खंडले की श्वास खंडला, हे शिकणाऱ्याला स्वतःलाच दिसतं. त्या दिवशी चित्रीकरण असेल तर रियाज आधी आणि अर्धाच. आरडाओरड्याचा प्रसंग झाल्यावर गाऊ नये, कुजबुजूही नये.

तीन-चार महिन्यांत सूर धरला जातो, कारण या मुलांचे कान मुळात तयार असतात. खरी झटापट त्यानंतर असते, अभिनयाने लावलेल्या सवयींशी.

पहिली नक्कल. बालकलाकार ऐकून उचलण्यात पटाईत असतो. दिग्दर्शक वाक्य म्हणून दाखवतो, हा तस्सं म्हणतो. तेच तो गाण्यात करतो: मूळ गायकाची हरकत (सुरांची छोटी नक्षी), श्वासाचा आवाज, इतकंच काय, 'श'चा सदोष उच्चारही जसाच्या तसा येतो. ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीत कौतुक वाटतं, दुसऱ्या कडव्यात कंटाळा येतो. म्हणून नवं गाणं आम्ही ध्वनिमुद्रिकेवरून शिकवत नाही. पेटीवर चाल, कागदावर शब्द आणि सरगम. मूळ गाणं दहा दिवसांनी ऐकायचं.

दुसरी लय. संवादाला ताल नसतो आणि चांगला नट शब्दाला थोडा आधीच गाठतो. गाण्यात तो दर ओळीला मात्रेच्या पुढे पळतो. उपाय कंटाळवाणा आहे: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावून गाण्याचे शब्द नुसते बोलायचे, टाळी-खाली हातावर दाखवत. केरव्यात जमलं की दादरा, मग रूपक. रूपकाची पहिलीच मात्रा खाली असते, तिथे भलेभले घसरतात. शब्द बोलताना सम (तालाची पहिली मात्रा) चुकत नाही इथपर्यंत पोचल्यावरच सूर जोडायचा.

तिसरी भावना, आणि ही सर्वांत चिवट. रडण्याचा प्रसंग आला की याचा गळा आवळतो, कारण कॅमेऱ्यासमोर तेच शिकलाय. गळा आवळला की सूर उतरतो. एक ओळ घेऊन सांगतो. समजा ओळ आहे: 'पाऊस ओसरून गेला, अंगण अजून ओलं'. नट ती वाचतो तेव्हा 'अजून'वर हुंदका येतो. गाताना तो हुंदका ठेवला की 'जू' वर उडतो, 'न' खाली पडतो आणि 'ओलं' वीस-पंचवीस सेंट उतरलेलंच सुरू होतं. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. वीस सेंट कागदावर किरकोळ दिसतात, हेडफोनमध्ये बोचतात. मग काय करायचं? स्वल्पविरामावर पूर्ण श्वास घ्यायचा नाही. 'गेला'नंतर चोरटा श्वास, तोही नाकाने. 'अजून'मधला ज 'जहाज'मधला हवा, 'जीवन'मधला नव्हे, आणि दुःख दाखवायचं ते त्या व्यंजनावर, स्वरावर नाही. शब्द मात्रेच्या किंचित मागे ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाट पाहावी लागते. शेवटी 'ओलं'. बोलताना आपण 'लं'चा अ जिभेखाली दडपतो, तो लांबवला की मातकट होतो. गाताना तोंड किंचित 'आ'च्या दिशेने उघडायचं, पण 'ओला' ऐकू येणार नाही इतपतच, आणि नाकात जाऊ द्यायचं नाही. हे चार बदल केल्यावर तीच ओळ कोरड्या डोळ्यांनी गाऊनही ओली ऐकू येते. नटाला हे फसवणूक वाटते, आठवडाभर. मग स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून पटतं.

चेहरा हा चौथा मुद्दा. भुवया उंचावल्याने तार षड्ज चढत नाही. आरसा समोर ठेवून गायला लावणं बहुतेक शिक्षक सांगतात, नटांच्या बाबतीत आम्ही आरसा काढून टाकतो. आरसा दिसला की ते काम करू लागतात.

डेमोबद्दल आमचं ठाम मत आहे. तो नाव आणि फोटो न लावता पाठवायचा. नाव लावलं की समोरचा संगीतकार आवाज ऐकण्याआधी प्रसिद्धीचा हिशेब करतो. कधी तो फायद्याचा निघतो, पण मग काम चेहऱ्याला मिळतं आणि दुसरं मिळत नाही. तीन तुकडे, प्रत्येकी दीड मिनिटाच्या आत: एक भावगीताच्या वळणाचं, एक वेगवान, आणि एक फक्त तानपुरा किंवा पेटीवर, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) न टाकता. अनुभवी संगीतकार तिसरा तुकडा आधी ऐकतो. परीक्षांचं विचाराल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या पायऱ्या शिस्तीसाठी चांगल्या आहेत. स्टुडिओत प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

स्टुडिओत गेल्यावर मात्र बालकलाकाराचं पारडं एकदम जड होतं. माइकची भीती नाही, हेडफोनची सवय आहे, काचेपलीकडच्या माणसाच्या सूचना एका वाक्यात कळतात. डबिंग केलेल्यांची तर एक खास करामत असते. चार दिवसांनी एकच शब्द पंच करायचा, म्हणजे तेवढाच पुन्हा रेकॉर्ड करून बसवायचा असला तरी ते आवाजाचा पोत हुबेहूब जुळवून देतात. हे जन्मभर गाणाऱ्यांनाही सहज जमत नाही.

पण डबिंगचीच एक खोडही सोबत येते, तुकड्या-तुकड्यांत काम करायची. दोन ओळी, थांबा, परत. अशाने गाण्याचा चढ-उतार बसत नाही. म्हणून आमचा क्रम ठरलेला असतो. निदान दोन दिवस आधी तीन गोष्टी मागवायच्या: डमी आवाजासह (नमुन्यादाखल दुसऱ्या कोणी गायलेल्या) ट्रॅक, डमीशिवाय ट्रॅक आणि टाइप केलेले शब्द. पट्टी आधी कळवून खात्री करून घ्यायची. ट्रॅक अर्धा-एक स्वर वरखाली सरकवला तर खपतो, त्यापुढे ढोलकी आणि गिटार खोटी वाजू लागतात, मग ट्रॅक नव्याने करावा लागतो आणि त्याला आदल्या रात्री कोणी तयार नसतं. स्टुडिओत पोचल्यावर दहा मिनिटं गळा गरम. मग न थांबता तीन पूर्ण टेक, चुका झाल्या तरी. त्यानंतर मुखडा, मग सर्वांत उंच सुरांचा अंतरा, मग बाकीचं. उंच जागा अगदी पहिल्यांदा नको, तासाभरानंतरही नको. पंच शेवटी, आणि डबल (तीच ओळ पुन्हा गाऊन जोडणं) किंवा हार्मनी (जोडीचे वेगळे सूर) सर्वांत शेवटी. दीड तासाच्या पुढे मुख्य आवाज रेकॉर्ड करू नये. त्यानंतर मिळतो तो आवाज आदल्या तासाच्या आवाजाशी जुळत नाही.

माइकपासून अंतर पंधरा ते वीस सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). डबिंगमध्ये हात-दीड हात लांब उभं राहायची सवय असते, तसं उभं राहिलं की खोलीचा आवाज येतो आणि मिक्सिंगवाला वैतागतो. प, फ, भ यांच्या फुंकरीसाठी माइक तोंडाच्या किंचित बाजूला वळवायचा, मान नाही वळवायची. चोवीस बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्‌झ, आणि सर्वांत मोठा आवाज शून्याच्या (रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीच्या) खाली सहा ते दहा डेसिबलवर. सूर सारखा चढत असेल तर हेडफोनमध्ये ट्रॅक फार मोठा आहे असं समजावं. एक कान उघडा ठेवला की बहुतेक वेळा सुधारतं, पण मग उघड्या बाजूचा आवाज हेडफोनमधून बंद करायला सांगायचं, नाहीतर क्लिक (लयीचा ठोका) माइकमध्ये उतरतो.

सूर दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल लाजायचं कारण नाही, सगळेच वापरतात. दहा-पंधरा सेंटची डागडुजी कोणाला कळत नाही. बिघाड होतो तो मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यात. स्वयंचलित दुरुस्ती मींड पायऱ्यांमध्ये कापते, कोमल गंधाराचं आंदोलन (हळुवार झुलणं) सपाट करते. म्हणून मराठी गाण्यात एकेक सूर हाताने दुरुस्त करायला सांगा आणि मींडेला हात लावू देऊ नका. सूर पक्का लागलेला टेक आणि शब्द जिवंत असलेला टेक यांत निवडायचं झालं तर आम्ही दुसरा निवडतो. सूर दुरुस्त होतो, शब्द होत नाही.

कागदपत्रांची बाजू कंटाळवाणी असते, म्हणूनच तिथे नुकसान होतं. २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतली किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावी लागते आणि ती सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. हे नियम आल्यानंतर बालकलाकार म्हणून काम केलेल्या प्रत्येकाने अठरा पूर्ण झाल्यावर निर्मात्यांची यादी करून त्या ठेवी शोधाव्यात. तालमीची पहिली दोन-तीन वर्षं त्यावर निघू शकतात. लहानपणी पालकांनी सह्या केलेले करार बाहेर काढून वकिलाला दाखवावेत, विशेषतः 'इतर कोणत्याही माध्यमात' अशी मोघम कलमं असतील तर.

गायक म्हणून करार करताना एक फरक पक्का समजून घ्यायला हवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गायकाच्या सादरीकरणाच्या हक्काला बळ आलं. चित्रपटात गाणं वापरायला लेखी संमती दिली तरी त्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क उरतो. त्यासाठी गायकांच्या संस्थेत, म्हणजे इस्राचं पुढचं रूप असलेल्या इसाम्रामध्ये, नोंदणी करायची. आयपीआरएस ही वेगळी संस्था, ती गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची. फक्त गाणाऱ्याला तिथून काही मिळत नाही. गाण्याची चाल किंवा शब्द यांत तुमचा खरोखर वाटा असेल तर तो रेकॉर्डिंगच्या आधी लिहून घ्या, टक्क्यांसकट. गाणं चाललं की आठवणी बदलतात.

जुन्या गाण्यांची कव्हर करून, म्हणजे ती आपल्या आवाजात पुन्हा गाऊन, सुरुवात करायचा मोह होतो. इंटरनेटवर टाकलं की लेबलचा (मूळ संगीत कंपनीचा) दावा येतो आणि जाहिरातीचं उत्पन्न तिकडे जातं. गाणाऱ्याला ओळख तेवढी मिळते. तेवढीच हवी असेल तर हरकत नाही. स्वतंत्रपणे विकायचं असेल तर परवानगी आणि रॉयल्टी दोन्ही लागतात, आणि मूळ ध्वनिमुद्रण झालेल्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं मालकाच्या संमतीशिवाय कव्हर करू देणाऱ्या कायद्यातल्या वाटेने जाताच येत नाही.

स्वतःचं गाणं प्रसिद्ध करताना नावाचा घोळ आधी मिटवावा. लहानपणी श्रेयनामावलीत 'बेबी' किंवा 'मास्टर' लावून आलेलं नाव, शाळेतलं नाव आणि आताचं नाव अशी तीन रूपं असतात. वितरकाकडे (गाणं स्ट्रीमिंग ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) एकच स्पेलिंग ठरवून द्यायचं आणि तेच प्रत्येक गाण्याला वापरायचं. एका अक्षराचा फरक पडला की स्ट्रीमिंगवर दुसराच कलाकार तयार होतो आणि ऐकणाऱ्यांची संख्या दोन ठिकाणी वाटली जाते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढे वितरक बदलला तरी तोच वापरायचा. मुखपृष्ठ चौरस, ३००० गुणिले ३००० पिक्सेल. त्यावर लहानपणचा फोटो लावावा का, असं विचारतात. आम्ही नको म्हणतो.

मंचावर मात्र लहानपण टाळता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर प्रेक्षकांतून 'तो डायलॉग!' अशी मागणी येतेच. नाही म्हटलं तर हिरमोड होतो, लगेच हो म्हटलं तर पुढचा तास गाणं मागे पडतं. मध्यंतराच्या आधीचं शेवटचं गाणं संपल्यावर तो डायलॉग एकदा म्हणून टाकणं सोयीचं पडतं, कारण लगेच गळ्याला पंधरा मिनिटं मिळतात. तो आजच्या आवाजात म्हणायचा. जुन्या बालआवाजाची नक्कल केली की स्वरयंत्र वर ओढलं जातं, आणि पुढच्या गाण्यात पहिला षड्जच चढा लागतो. मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं मध्य सप्तकात राहणारं, विलंबित किंवा मध्यलयीतलं निवडायचं. वादकांना पट्टी आदल्या दिवशीच लेखी दिलेली असली म्हणजे मंचावर कुजबुज करावी लागत नाही.